नक्कल कुणाची, मूळ कुणाचं? – मेमरी मॅपिंगच्या चाचण्यांचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव जरा रुक्ष आहे, हे आम्हाला मान्य आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नेल मेमरीची जोडणी कशी करतं आणि ती बरोबर होते की नाही हे कसं तपासतात, याचा हा इतिहास. पण सुरुवात आपण संगणकापासून नको, गावच्या चावडीपासून करू.

गावात सातबाऱ्याचं मूळ दप्तर एकच. तुम्हाला उतारा हवा असेल तर तुम्ही अर्ज करता आणि नक्कल घेऊन घरी येता. त्या नकलेवर तुम्ही पेन्सिलीनं खुणा करा, घरातल्या पोरानं तिच्यावर चित्र काढू दे, मूळ दप्तराला धक्का लागत नाही. हा सगळा व्यवहार एका वचनावर चालतो: नकलेवर लिहिलेलं मूळ दप्तरात उमटणार नाही. हे वचन मोडलं तर काय होतं, हे महाराष्ट्रातल्या सभागृहात वेगळं समजावून सांगायला नको.

कर्नेलही प्रत्येक प्रोग्रामला असंच वचन देतं. आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये जगाला कळलं, की लिनक्सनं दिलेलं हे वचन निदान नऊ वर्षं मोडता येत होतं. ज्या फाईलवर आपल्याला फक्त वाचायचा हक्क आहे, तिच्यात लिहिता येत होतं. ते कसं घडलं, आणि इतकी वर्षं कुठल्याच चाचणीला ते कसं दिसलं नाही, हा आजचा आपला प्रश्न.

पानांची कल्पना

मँचेस्टर विद्यापीठ आणि फेरांटी कंपनी यांनी मिळून बांधलेल्या अॅटलस संगणकाचं उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी झालं. टॉम किलबर्न हे त्यामागचं मुख्य नाव. त्या यंत्रात झटपट चालणारी कोअर मेमरी होती १६,३८४ शब्दांची, आणि सावकाश फिरणारा ड्रम होता ९८,३०४ शब्दांचा. अॅटलसच्या मंडळींनी ही सगळी जागा ५१२ शब्दांच्या पानांत विभागली. कोअरमध्ये एका वेळी ३२ पानं मावत, ड्रमवर १९२. प्रोग्रामला मात्र एकच सलग जागा दिसायची. हवं ते पान कोअरमध्ये नसलं, की यंत्र स्वतः थांबून ते ड्रमवरून आणायचं.

इथून दोन पत्ते वेगळे झाले. प्रोग्राम म्हणतो तो पत्ता एक, आणि पान प्रत्यक्ष ठेवलंय ती जागा दुसरी. या दोघांना जोडणारी एक नोंदवही यंत्रापाशी असते. तिला आपण पानांची नोंदवही म्हणू. मेमरी मॅपिंग म्हणजे या नोंदवहीत ओळी लिहिणं, बस्स.

नोंदवही आली, की लबाडी करायची सोय होते. चांगल्या अर्थाने म्हणतोय आम्ही! दोन प्रोग्रामांना एकच पान हवं असेल, तर दोघांच्या नोंदवहीत एकाच जागेचा पत्ता लिहायचा आणि दोघांनाही सांगायचं, ‘हे तुझं.’ जोवर दोघं फक्त वाचतायत, तोवर कुणाला काही कळत नाही. एकानं लिहायचा प्रयत्न केला, की त्या क्षणी थांबवायचं, खरी नक्कल काढायची आणि ती त्याच्या हातात द्यायची. याला ‘कॉपी ऑन राइट’ म्हणतात. आपण ‘लिहिताना नक्कल’ म्हणू. पीडीपी-१० यंत्रासाठी बीबीएन या कंपनीनं केलेल्या टेनेक्स प्रणालीत ही युक्ती होती. तिच्यावरचा निबंध १९७२ मध्ये छापून आला.

वचन आधी, अंमल नंतर

युनिक्समध्ये नवी प्रोसेस जन्मते ती फोर्क या हाकेनं. आईची हुबेहूब नक्कल म्हणजे मूल. सुरुवातीला ही नक्कल खरोखर काढली जायची, पानन् पान. बहुतेक वेळा मूल जन्मल्याबरोबर आईचं सगळं टाकून दुसराच प्रोग्राम चालवायला घेतं, म्हणजे काढलेली नक्कल फुकट! म्हणून १९७९ मधल्या ३बीएसडीत बर्कलीकरांनी व्हीफोर्क आणला. त्यात नक्कल काढायचीच नाही, आईची मेमरी मुलाला उसनी द्यायची, आणि मुलाचं काम होईतो आईनं गप्प बसून राहायचं. मुलानं तेवढ्यात काही खरडलं, तर ते आईच्याच वहीत. काम भागायचं, पण वचन म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

१९८३ च्या ४.२बीएसडीची कागदपत्रं पाहिली, तर त्यात एममॅप या हाकेचा आराखडा सापडतो. फाईल थेट मेमरीत जोडून घ्यायची, आणि ती जोडणी ‘सामायिक’ हवी की ‘खाजगी’ हे सांगायचं. सामायिक असेल तर तुमचं लिखाण फाईलमध्ये जातं. खाजगी असेल तर ते तुमच्यापाशीच राहतं. पण मंडळी, हा आराखडा कागदावरच होता! त्या प्रणालीत तो अमलात आला नव्हता. तो नीट चालू झाला सन कंपनीच्या सनओएस ४.० मध्ये, १९८८ साली. पुढे १९९३ मध्ये पॉझिक्सच्या प्रमाणग्रंथात एममॅपला जागा मिळाली.

म्हणजे वचनाचा मजकूर आधी लिहिला गेला, अंमल नंतर आला, आणि तोही प्रत्येक कंपनीच्या यंत्रावर निराळ्या हातांनी. मजकूर एक आणि अंमल करणारे अनेक, अशी स्थिती आली की मधे तपासनीस लागतो. चाचणीची गरज तिथून सुरू होते.

स्वतःलाच तपासणारं कर्नेल

लिनक्समधली आम्हाला सर्वांत आवडणारी चाचणी ही वेगळ्या संचात नाही, ती कर्नेलच्या पोटातच होती. लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहिलं ते इंटेलच्या ३८६ वर. या ३८६ मध्ये एक खोट होती. नोंदवहीत एखाद्या पानावर ‘फक्त वाचा’ असं लिहिलं, तर साधा प्रोग्राम ते पाळायचा. पण स्वतः कर्नेल लिहायला गेलं तर प्रोसेसर त्या शेऱ्याकडे दुर्लक्ष करायचा. तलाठ्यानं दप्तराला कुलूप लावावं आणि ते कुलूप खुद्द तलाठ्याच्या हाताला कधी लागूच नये, तसं.

यात बिघडलं कुठे? समजा, दोन प्रोसेस एकच पान वाटून घेतायत. त्यांपैकी एकीनं कर्नेलला सांगितलं, ‘या फाईलमधला मजकूर वाचून माझ्या मेमरीत टाक.’ आता लिहिणारा हात कर्नेलचा आहे. प्रोसेसर अडवणार नाही, नक्कल निघणार नाही, आणि लिखाण थेट वाटून घेतलेल्या पानावर जाईल. दुसऱ्या प्रोसेसची मेमरी तिला न कळता बदलेल.

४८६ मध्ये इंटेलनं हे सुधारलं. पण आपण कुठल्या यंत्रावर चालतोय हे कर्नेलला कसं कळणार? ते चक्क करून बघायचं. यंत्र सुरू होताना एक पान ‘फक्त वाचा’ असं नोंदवायचं आणि स्वतःच त्यावर लिहून पाहायचं. प्रोसेसरनं हात धरला, तर ठीक. लिहू दिलं, तर हे जुनं यंत्र, इथे विश्वास ठेवू नये. जुन्या लिनक्सवर काम केलेल्यांना सुरुवातीच्या पडद्यावरची ती ओळ आठवत असेल.

आणि यंत्र जुनं निघालं तर? मग कर्नेलनं लिहिण्याआधी प्रत्येक पान हातानं तपासायचं, गरज असेल तर नक्कल काढायची, मग लिहायचं. आधी तपासणी, मग लेखन. या दोन्हींच्या मध्ये एक फट राहते. तेवढ्यात दुसऱ्या कुणी नोंदवही बदलली, तर केलेली तपासणी वाया. ही फट लिनक्सवाल्यांना ठाऊक होती, तसा शेरा त्यांनी संहितेत लिहूनही ठेवला होता. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सनं ३८६ ला रामराम ठोकला, तेव्हा ही सगळी डागडुजीही गेली. फट मात्र दुसऱ्या घरात आधीच राहायला गेली होती.

पाच हजार बाइटांची फाईल

तिथे जाण्याआधी एक साधी चाचणी पाहू. लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट, म्हणजे एलटीपी, हा चाचण्यांचा संच २००० साली एसजीआय कंपनीनं सुरू केला. नंतर आयबीएम, सुसे, रेड हॅट, फुजित्सू अशा अनेकांनी तो वाढवला. त्यातल्या काही चाचण्यांच्या माथ्यावर २००२ सालचं विप्रोचं नाव आहे. म्हणजे भारतातल्या कंपनीचाही या कामाला हात लागलेला आहे.

त्यातली एममॅपची पहिली चाचणी काय विचारते? समजा, फाईल ५,००० बाइटांची आहे आणि पान ४,०९६ बाइटांचं. फाईलला दोन पानं लागतात, म्हणजे ८,१९२ बाइट. उरलेले ३,१९२ बाइट फाईलचे नाहीत, पण पानात आहेत. तिथे काय असावं? चाचणी म्हणते, तिथे शून्यं हवीत. आणि तुम्ही तिथे काही लिहिलंत, तर ते फाईलमध्ये जाता कामा नये.

हे वाचून एका विद्यार्थ्यानं आम्हाला विचारलं होतं, ‘सर, फाईल संपल्यावर तिथे काय आहे याची पंचाईत कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पण ते पान आपल्याआधी दुसऱ्या कुणाच्या कामाला आलेलं असू शकतं. ते पुसलं नाही, तर त्या कोपऱ्यात कुणाचा तरी पासवर्ड शिल्लक राहील. लग्नाच्या हॉलची चावी दुसऱ्या पार्टीला देण्याआधी खोल्या झाडतात, त्यातलाच हा प्रकार. पुढची आणखी एक चाचणी फाईलच्या दोन पानांच्याही पलीकडे, तिसऱ्या पानावर हात घालते, आणि कर्नेलनं तिथे ‘बस एरर’चाच इशारा द्यावा अशी अपेक्षा ठेवते. मनाई असलेल्या पानाला हात लावला तर वेगळा इशारा, पानामागे फाईलच उरली नसेल तर वेगळा. हा फरकसुद्धा वचनाचाच भाग आहे.

या चाचण्या पाहिल्या, की एक गोष्ट ध्यानात येते. त्यात एकच प्रोग्राम आहे, तो एक काम करतो, मग दुसरं करतो, मग निकाल पाहतो. असं एकामागून एक विचारलं, तर कर्नेल नेहमी बरोबरच उत्तर देत होतं. डर्टी काऊ अशा चाचण्यांना सापडणं शक्यच नव्हतं.

कारकुनाची चिठ्ठी

आता मुख्य गोष्ट. नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१६-५१९५. ‘काऊ’ म्हणजे गाय नव्हे, ‘कॉपी ऑन राइट’ची आद्याक्षरं. ‘डर्टी’ म्हणजे मळलेलं. हा शब्द लक्षात ठेवा.

पुन्हा चावडीत जाऊ. एक अर्जदार येतो. त्याला दप्तर फक्त वाचायचा हक्क आहे. तो खाजगी जोडणी मागतो, ती मिळते. मग तो कर्नेलच्या एका आडवाटेनं स्वतःच्या मेमरीत लिहायला सांगतो. ही वाट डीबगरसारख्या साधनांसाठी ठेवलेली आहे आणि ती ‘फक्त वाचा’ हा शेरा ओलांडू शकते, कारण लिखाण नकलेवरच व्हायचं असतं.

कर्नेलच्या कारकुनाकडे चिठ्ठी येते: ‘पान आणा, लिहायचं आहे.’ कारकून पाहतो, हे तर मूळ पान. तो नक्कल काढतो. पण नोंदवहीत अर्जदाराचा हक्क अजून वाचण्यापुरताच आहे. ‘लिहायचं आहे’ असं म्हणत तो पुन्हा विचारायला गेला, तर पुन्हा नकारच, आणि हे कधी संपायचंच नाही. म्हणून कारकून एक पळवाट काढतो. ‘नक्कल तर झालीय, आता काय बिघडतं!’ असं म्हणून तो चिठ्ठीवरचे ‘लिहायचं आहे’ हे शब्द खोडतो. उरतं फक्त ‘पान आणा.’

त्याच क्षणी अर्जदाराचा जोडीदार, म्हणजे त्याच प्रोग्रामचा दुसरा थ्रेड, शेजारच्या खिडकीवर सांगतो, ‘ती नक्कल आता नको, टाकून द्या.’ ही हाक पूर्ण कायदेशीर आहे, तिचं नाव एमअॅडव्हाइज. नक्कल कचऱ्यात जाते. कारकून परत येतो, पान जागेवर नाही. चिठ्ठीत काय लिहिलंय? ‘पान आणा.’ नुसतं वाचायचं असेल तर नक्कल कशाला? तो मूळ पान आणतो. आणि त्याच्यावर लिहितो.

फट ती एवढीच! पण मूळ पान म्हणजे समजा वापरकर्त्यांच्या पासवर्डांच्या यादीची फाईल असेल, किंवा मुख्य प्रशासकाच्या हक्काने चालणारा प्रोग्राम, तर यंत्रावरचा साधा वापरकर्ता यंत्राचा मालक होतो. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे, म्हणून फोनही आले. २०१७ मध्ये अँड्रॉइडवरच्या झेडएनआययू या घातक प्रोग्रामनं हीच फट वापरली.

ती उघडकीला आली तीही एका गृहस्थांच्या सवयीमुळे. फिल ओएस्टर आपल्या सर्व्हरांवर येणारी वाहतूक साठवून ठेवत. एका घुसखोरीनंतर त्यांनी ती चाळली, आणि हल्लेखोरानं चढवलेला प्रोग्रामच त्यात सापडला. म्हणजे चाचणी आपल्याआधी चोरानं लिहिली होती.

मळलेलं पान, तीनदा

दुरुस्ती टॉरवाल्ड्स यांनी स्वतः केली, आणि सोबतच्या टिपणात एक कबुली दिली. ही खोट त्यांनी अकरा वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता; तो नीट जमला नाही आणि मागे घेतला गेला. असा कबुलीजबाब सार्वजनिक नोंदीत देणारा माणूस विरळा, हे आधी नमूद करू.

मागे का घेतला गेला? तिथे ‘मळलेलं’ हा शब्द येतो. पानावर काही लिहिलं गेलं, की यंत्र एक खूण करतं: हे पान मळलंय, टाकण्याआधी त्यातला मजकूर जपा. खुणेचं काम एवढंच. दुरुस्ती करणाऱ्यानं तिचा दुसरा उपयोग केला: पान मळलेलं असेल, तर ती नक्कलच असणार. पण आयबीएमच्या एस३९० या मोठ्या यंत्रांवर ही खूण त्या काळी नोंदवहीच्या ओळीत नसे, प्रत्यक्ष पानाच्या जागेशी जोडलेली असे. तिथे हा हिशेब जुळेना, म्हणून दुरुस्ती उलटवली. पुढे एस३९० ची अडचण मिटली. पण उलटवलेली दुरुस्ती परत लावायची आहे, ही आठवण करून देणारं कुणी नव्हतं. कर्नेलच्या संहितेसोबत चाचण्या ठेवायची वेगळी जागा झाली तीच मुळी २०१२ च्या सुमारास. दरम्यान यंत्रांत प्रोसेसर वाढले, दोन खिडक्या खरोखर एकाच वेळी उघड्या राहू लागल्या, आणि जी फट कागदोपत्री वाटत होती ती हातात येऊ लागली.

२०१६ च्या दुरुस्तीत चिठ्ठीवरचे शब्द खोडणं बंद झालं. ‘नक्कल काढली होती’ अशी वेगळी नोंद आली, आणि सोबत पान मळलेलं आहे ना, ही तपासणी. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, बिंडेसी या संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं, की मोठ्या आकाराच्या पानांवर नक्कल न काढताही मळल्याची खूण होऊ शकते. पुन्हा दुरुस्ती. २०२२ मध्ये सामायिक मेमरीतल्या फाईलींच्या बाबतीत तेच: नक्कल नाही, पण खूण आहे.

एकदा २००५, मग २०१७, मग २०२२. तिन्ही वेळा चूक एकच. एका कामासाठी ठेवलेली खूण दुसऱ्याच गोष्टीचा पुरावा म्हणून वापरली. शिधापत्रिका धान्यासाठी असते, ती आपण राहण्याच्या दाखल्यासाठी वापरतो आणि मग घोळ होतात, त्यातलाच प्रकार. शेवटी २०२२ मध्ये कर्नेलनं मळण्याचा आधार सोडला. ‘हे पान फक्त या एका प्रोसेसचं आहे’ अशी स्वतंत्र, स्पष्ट खूण त्याच वर्षी आली होती, तिच्यावर निर्णय होऊ लागला.

फटीची चाचणी कशी करायची?

आता तुम्ही विचाराल, की दोन हातांच्या मधल्या निमिषभराची चाचणी करायची कशी? एकदा करून काही घडलं नाही, याचा अर्थ वचन पाळलं गेलं असा होत नाही. डर्टी काऊचा प्रसिद्ध नमुना-प्रोग्राम दोन थ्रेडांना दहा कोटी फेऱ्या मारायला सांगतो. एलटीपीत लगेचच दाखल झालेली चाचणीही त्याच वाटेची. हक्क नसलेला वापरकर्ता होऊन ती फाईलवर वारंवार हल्ला करते आणि शेवटी पाहते, मजकूर बदलला का? आम्ही एका जुन्या कर्नेलवर, वर्गात, ती चालवून दाखवली. फाईल बदलली तेव्हा वर्ग शांत झाला. ‘फक्त वाचा’ हे शब्द पडद्यावर तसेच होते.

एलटीपीत आता याहून शहाणी सोय आहे. ती आधी दोन्ही थ्रेडांना किती वेळ लागतो हे मोजते, मग एकाला किंचित उशीर करत दोघांची गाठ वेगवेगळ्या क्षणी घालून देते. नुसत्या नशिबावर न विसंबता ती फट चाचपडत शोधते. २०१७ आणि २०२२ च्या दोन्ही खोटींच्या चाचण्याही त्या संचात आहेत. कर्नेलच्या स्वतःच्या संचात २०२२ पासून ‘लिहिताना नक्कल’साठी खास चाचण्या आल्या. आई आणि मूल यांच्यात पान वाटलेलं असताना मुलानं ते आडवाटेनं धरून ठेवलं, तर आईचं नंतरचं लिखाण मुलाला दिसतं का, हे त्या विचारतात. कारण गूगलच्या यान हॉर्न यांनी २०२० मध्ये दाखवलं होतं, की ते दिसतं.

म्हणजे यातल्या जवळपास प्रत्येक चाचणीमागे एक मोडलेलं वचन आहे. गावात जुनी माणसं असतात ना, जी सांगतात, ‘या ओढ्यात पावसाळ्यात उतरू नका, अमक्या साली बैलगाडी वाहून गेली होती.’ चाचणी ते काम करते. २००५ मध्ये तसं सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून अकरा वर्षं तो ओढा कोरडा वाटत राहिला.

सभागृहात प्रोग्रामिंग करणारे तरुण बरेच दिसतायत. त्यांना जाता जाता एवढंच सांगतो. एखादी दुरुस्ती तुम्हाला काही कारणानं मागे घ्यावी लागली, तर घ्या. त्यात कमीपणा नाही. पण ती खोट पकडणारी चाचणी लिहून ठेवा, आणि ती लाल दिसत राहू द्या. पुढे कुणीतरी येऊन विचारेल, ‘हे लाल का आहे?’ तो प्रश्न विचारला जाणं महत्त्वाचं.

पुढच्या व्याख्यानात आपण ड्रमवरून डिस्कवर जाऊ, आणि वीज अचानक गेल्यावर फाईलचं काय होतं ते पाहू.